पक्षी दिसला नाही, आवाज आहे: रेकॉर्डिंगवरून दुर्मिळ पक्षी ओळखताना

कासच्या रस्त्यावर एका सकाळी मी एक दुर्मिळ गरुड शोधला होता. निदान दुपारपर्यंत तरी. झाडीतून आलेली लांब, चढती शीळ मोबाईलवर पकडली, तिचा अकरा सेकंदांचा तुकडा साताऱ्यातल्या आमच्या पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली तीन उद्गारचिन्हं ठोकली. अंगठे यायला लागले. दोनच्या सुमारास ग्रुपमधल्या एका निवृत्त गुरुजींनी एवढंच विचारलं, "पुढचं कुठंय रे?"

पुढचं मी कापलं होतं. कामाचं वाटलं नव्हतं. मोबाईलच्या कचरापेटीतून अख्खी फाईल काढून ऐकली, तर शिळेनंतर मांजर ओरडल्यासारखं काहीतरी, मग शिक्र्याची हाक, मग खारीची चिकचिक आणि शेवटी घंटेवर टोला पडावा तसा खणखणीत स्वर. भृंगराज! शेपटीला दोन लांब तारा, तारांच्या टोकाला पिसांचे झुबके मिरवणारा तो काळा पक्षी एका फांदीवर बसून साऱ्या रानाच्या नकला करत होता, आणि त्यातली एक नक्कल मी गरुड म्हणून खपवली होती.

त्यानंतर चार वर्षं हे नीट शिकण्यात गेली. साताऱ्या-सांगलीकडं आता बरीच नवी मुलं मोबाईल घेऊन पक्ष्यांमागं फिरतात. मी केलेल्या चुका त्यांनी पुन्हा करू नयेत म्हणून सगळं क्रमानं लिहितोय.

आधी एवढं जमवा

- मोबाईल, आणि त्यात वेव्ह प्रकारची (आवाज न दाबता साठवणारी) फाईल बनवणारं रेकॉर्डिंगचं ॲप
- आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन हे ॲप, त्यातला भारताचा पक्षीसंच घरीच वायफायवर उतरवून (रानात रेंज नसते, पण संच उतरवलेला असला की ॲप नेटशिवाय चालतं)
- घरच्या कॉम्प्युटरवर आवाजाच्या फाईली तपासायला ऑडॅसिटी किंवा रेव्हन लाइट. दोन्ही फुकट आहेत
- झेनो-कँटो (पक्ष्यांच्या आवाजांचं) आणि ई-बर्ड (पक्ष्यांच्या नोंदींचं) या दोन संकेतस्थळांवर खातं
- खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. पेन नको, दवानं शाई पसरते
- लाल उजेडाची बॅटरी. नसेल तर साध्या बॅटरीवर लाल जिलेटीन कागद बांधा
- आधार किंवा दुसरं कुठलंही ओळखपत्र

वेगळा रेकॉर्डर आणि लांबचा आवाज खेचणारा माईक हे पहिल्या वर्षी घेऊ नका. मी घाई केली आणि तो सहा महिने कपाटात पडून होता. आवाज गोळा करायला म्हणून आईची पितळी परातही मोबाईलमागं धरून पाहिली. परातीला हवी तशी खोली नसते, त्यामुळं आवाज एका जागी गोळा होत नाही. परातीला पोचा मात्र आला.

१. पहिला महिना घराभोवतीच

हे कुणाला आवडत नाही, पण याला पर्याय नाही. दुर्मिळ आवाज म्हणजे तुम्हाला माहीत असलेल्या सगळ्या आवाजांतून उरलेला आवाज. माहीतच तीस आवाज असतील तर एकतिसावा दुर्मिळ वाटणार.

रोज सकाळी दहा मिनिटं गच्चीवर किंवा परसात बसा. बुलबुल, दयाळ, शिंपी, तांबट, भारद्वाज, कोतवाल, साळुंकी. एकेका पक्ष्याचे चार-चार आवाज असतात: गाणं वेगळं, धोक्याची हाक वेगळी, पिल्लाचं मागणं वेगळं. सगळ्यात जास्त फसवतात ती पिल्लं. मे-जूनमध्ये कोकिळेचं पिल्लू कावळ्यामागं हिंडत जे ओरडतं, त्यावरून मला आजवर तीन जणांनी "नवीन पक्षी सापडला" म्हणून फोन केलेत.

रात्रीचेही आवाज याच महिन्यात पाठ करा. टिटवी रात्री ओरडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जत-आटपाडीच्या माळावर अंधारात जी चढत जाणारी, विव्हळणारी हाक येते ती करवानकाची, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सांगूनही पटत नाही. पिंगळ्यांचं भांडण, गव्हाणी घुबडाची किंचाळी, शिंगळ्या घुबडाची दर थोड्या वेळानं येणारी बेडकासारखी हाक, एवढं आलं की पुढं जा.

२. जागा, वेळ आणि परवानगी

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आत जायचं तर वनखात्याची परवानगी लागते आणि रात्री आत राहता येत नाही. वासोटा किल्ल्याचा परवाना बामणोली गावात मिळतो, पण तो दिवसाचा. संध्याकाळी लाँच परतलीच पाहिजे. म्हणून रात्रीचं काम बाहेरच्या डांबरी रस्त्यावरून, गावाच्या वेशीवरून किंवा ओळखीच्या शेतातून करा. त्यानं काही बिघडत नाही. आवाजाला हद्द नसते.

गावाजवळ रात्री थांबणार असाल तर आधी पोलीस पाटलांना किंवा निदान कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सांगून ठेवा. अंधारात बॅटरी घेऊन झाडाकडं बघत उभा असलेला परका माणूस गावाला चोरच वाटतो, आणि त्यात गावाचं काही चुकत नाही. एकटे जाऊ नका. कोयनेच्या बाजूला गवा रस्त्यावर येतो. गाडीपासून पन्नास पावलांपलीकडं कशाला जायचं?

रातवे (इंग्रजीत नाइटजार, रात्री बोलणारे पक्षी) आणि घुबडं यांच्यासाठी फेब्रुवारी अखेर ते मे हा काळ उत्तम. विणीचा हंगाम, कोरडी हवा. सूर्य मावळल्यावरचा पाऊण तास आणि उजाडायच्या आधीचा पाऊण तास. चांदणी रात्र असेल तर रातवे जास्त बोलतात.

आता आपल्याकडच्या खास अडचणी. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची घरघर कानाला काही वेळानं जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र शेवटपर्यंत असते. कृष्णाकाठी रात्रीच्या विजेवर पाण्याच्या मोटरी चालू असतात. आणि गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर! दोन ट्रॉल्या, मागं ठोकलेला स्पीकर, पहाटे तीनला गाणी. त्या चार महिन्यांत कारखान्याच्या वाटेवर रेकॉर्डिंगला जाऊच नका.

३. रेकॉर्ड करताना

मोबाईल विमान-मोडवर टाका, पण घड्याळ आणि जागेची नोंद आधी बरोबर आहे ना ते बघा. ॲपमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारी आणि गोंगाट काढून टाकणारी सोय असेल तर ती बंद करा. ती माणसाच्या बोलण्यासाठी केलेली असते. पक्ष्याला ती गोंगाट समजून पुसून टाकते. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेणारी मांडणी निवडा. बहुतेक पक्षी एक ते आठ किलोहर्ट्झच्या (हे स्वराच्या उंचीचं माप) दरम्यान बोलतात, त्यामुळं एवढं पुरून उरतं.

मोबाईलचा माईक बहुतेक वेळा खालच्या कडेला असतो. ती कड पक्ष्याकडं करा. हातात धरू नका, बोटांची खसखस येते. दगडावर किंवा घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. वारं असेल तर माईकवर जुना लोकरीचा मोजा चढवा. नायलॉनचं जाकीट घालून आलेल्या मित्राला गाडीत बसवा.

मग गप्प राहा. पाच मिनिटं. आवाज थांबला तरी बंद करू नका, कारण पुढचं बरंच काही त्या शांततेनंतर येतं. (माझा भृंगराज आठवा.) शेवटी हळू आवाजात मराठीतच बोलून ठेवा: तारीख, वेळ, गाव, आवाज कोणत्या दिशेनं आणि अंदाजे किती लांबून, जमिनीवरून की झाडावरून की उडताना, एक होता की दुसरा उत्तर देत होता, आभाळ कसं होतं, सोबत कोण होतं. घरी जाऊन लिहू म्हणालात की यातलं निम्मं विसरलेलं असतं.

एक आठवण सांगायचा मोह होतो. पक्ष्याच्या आवाजाचं जगातलं सगळ्यात जुनं माहीत असलेलं ध्वनिमुद्रण १८८९ सालचं आहे. जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या पोरानं मेणाच्या नळकांड्यावर ते केलं, आणि पक्षी होता पिंजऱ्यातला शामा. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या रानात गातो तो. मेणावर तो उमटला, तर तुमच्या मोबाईलवर नक्की उमटेल.

४. मूळ फाईलला हात लावायचा नाही

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे फाईल कॉम्प्युटरवर उतरवा आणि नाव द्या: वर्ष-महिना-दिवस-वेळ-गाव. मग तिची प्रत काढा. कापणं, गोंगाट काढणं, आवाज वाढवणं, सगळं प्रतीवर. मूळ फाईल जशीच्या तशी ठेवा.

कुणाला पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, दाबून बारीक होते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग जशी आहे तशी पोचते. एवढी एक गोष्ट पाळली तरी जाणकार माणूस तुम्हाला उत्तर द्यायची शक्यता दुप्पट होते, कारण दाबलेल्या फाईलवर मत देऊन त्यांचेही हात पोळलेले असतात.

५. ॲपला विचारा, पण साक्षीदार म्हणून

मर्लिनमध्ये आवाजावरून ओळखण्याची सोय २०२१ साली आली. हे ॲप अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं आहे. बर्डनेट हे दुसरं, त्यातही तिचा हात आहे. दोन्ही उत्तम. मी रोज वापरतो. पण ॲपनं नाव दाखवलं म्हणजे ओळख पटली असं नव्हे. कुणीतरी "मला वाटतं तो अमका होता" असं म्हणालं, एवढंच झालं.

ॲप कुठं चुकतं? लांबच्या आणि पुसट आवाजावर. दोन पक्षी एकावर एक बोलले तर. नकलाकारांवर. बेडूक आणि किड्यांवर. आणि आणखी एका ठिकाणी: ठोसेघरच्या वाटेवर माझ्या मोबाईलनं एकदा असा पक्षी दाखवला की मी जागीच थबकलो. वळणापलीकडं एक जण स्पीकरवर त्याच पक्ष्याची ध्वनिफीत वाजवत उभा होता.

उलटही होतं. ॲप काहीच दाखवत नाही, म्हणून काही नव्हतं असं समजू नका. नेमकं दुर्मिळ पक्ष्यांचंच रेकॉर्डिंग जगात कमी असतं आणि ॲप रेकॉर्डिंगवरच शिकतं.

६. आवाजाचं चित्र वाचायला शिका

या पायरीवर बहुतेक जण माघार घेतात. घेऊ नका. खरी मजा इथंच आहे.

ऑडॅसिटीत फाईल उघडा, पट्टीच्या डाव्या बाजूच्या मेनूतून 'स्पेक्ट्रोग्राम' निवडा. आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष स्वराच्या उंचीचा, आणि जिथं आवाज मोठा तिथं रंग उजळ. वरची मर्यादा दहा किलोहर्ट्झवर आणा, नाहीतर पक्षी तळाशी चेपून बसलेला दिसतो. अंदाजासाठी सांगायचं तर पेटीची सगळ्यात वरची पट्टी एक ते दोन किलोहर्ट्झच्या आसपास असते. बरेचसे छोटे पक्षी त्याच्याही वर गातात.

आता आकार बघा.

शुद्ध शीळ म्हणजे एकच बारीक, स्वच्छ रेघ. चढली तर स्वर चढला, उतरली तर उतरला. कावळ्यासारखा भरड आवाज म्हणजे एकावर एक सारख्या अंतरानं रचलेल्या रेघा. हे का, ते मिरजेच्या तंबोऱ्यावरून चटकन कळतं: एक तार छेडली की मूळ स्वरावर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट उंचीचे स्वर उभे राहतात, आणि जवारी चांगली लागली असेल तर ते वेगवेगळे ऐकूही येतात. कावळ्याच्या गळ्यातही तेच होतं, फक्त ऐकून कुणी मान डोलवत नाही. टकटक किंवा टिचकी म्हणजे उभी, अरुंद पट्टी. थरथरता स्वर म्हणजे करवतीचे दाते.

'विंडो साइझ' नावाची एक मांडणी असते. आकडा मोठा ठेवला तर स्वराची उंची स्पष्ट दिसते पण वेळ धूसर होते. लहान ठेवला तर उलट. १०२४ वर सुरुवात करा. ठोके-ठोके असलेल्या आवाजाला निम्मा करून बघा, चिकटलेले ठोके सुटे होतात.

मग मोजा. डोळ्यांनी नको, आकड्यांनी: एका सुराची लांबी किती, दोन सुरांमधलं अंतर किती, सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची रेघ कुठं, दहा सेकंदांत किती वेळा. हे सगळे आकडे वहीत लिहिल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका. "थोडा जाडसर, घुमणारा" असं लिहिलेलं महिन्यानं तुमचं तुम्हालाच कळत नाही.

तळाशी सलग आडवा पट्टा दिसला तर ती मोटर, पवनचक्की किंवा वारं. प्रतीवर २५० हर्ट्झच्या खालचं गाळून टाका, चित्र एकदम उजळतं. पण मोठं घुबड शोधत असाल तर हे गाळणं बंद. त्याचा घुमारा नेमका त्याच तळघरात असतो.

७. आधी पक्षी नसलेल्यांना वगळा

रातकिडे बहुधा चार किलोहर्ट्झच्या वर अरुंद पट्टा धरतात आणि मिनिटंच्या मिनिटं दम न घेता चालू राहतात. पक्षी श्वास घेतो, थांबतो, जागा बदलतो. हवा गार होत गेली की किड्यांचा वेगही मंदावतो. रात्री आठ आणि पहाटे पाचच्या फाईली शेजारी ठेवा, फरक दिसेल. पहिल्या पावसानंतर झुडपांवरचे बेडूक 'टिक टिक' सुरू करतात, आणि ती टिकटिक पक्ष्याच्या नावानं खपवणारे दरवर्षी नवे भेटतात. भेकराचं भुंकणं आणि शेकरूचा खडखडाट हेही एकदा ऐकून ठेवा.

नकलाकार कसा पकडायचा? भृंगराज आणि पर्णपक्षी दुसऱ्याचा आवाज काढतात तेव्हा तो तुकड्यात असतो, दोन-तीनदा, आणि लगेच भलत्याच कुणाचा तरी. खरा गरुड एकच हाक देत राहतो, आणि ती हाक आभाळातून सरकत जाते. नक्कल एकाच फांदीवरून येते.

८. तुलना करा: माझा रातवा

इथं एक उदाहरण पूर्ण सांगतो.

एप्रिल महिना, बामणोलीच्या अलीकडं, सव्वासात. सोबत लाँच चालवणारे तात्या. रातवा हा जमिनीवर, पाचोळ्यात बसणारा पक्षी, रंगानं अगदी पाचोळ्यासारखा. चार पावलांवर असला तरी दिसत नाही. आणि आपल्याकडचे रातवे एकमेकांसारखे इतके दिसतात की दिसून फायदाही नसतो. त्यांना ओळखायचं आवाजानंच.

पहिल्यांदा आला तो रोजचा, इंडियन नाइटजार. फरशीवर गोटी सोडली की ती टप्प-टप्प करत शेवटी घाईघाईनं थांबते, तसा: चक-चक-चक-चकरर्र. तात्या म्हणाले, "ह्यो गोटीवाला. आमच्या शेतात बी आसतोय." मग दूरवरून, दरीच्या बाजूनं, खालच्या पट्टीत दुसरंच काही. च्-वू-वू. थांबून पुन्हा च्-वू-वू. थरथर असलेला, पाण्यातून आल्यासारखा आवाज. तात्या थोडं थांबून म्हणाले, "ह्यो त्यो न्हवं."

घरी आल्यावर मर्लिननं इंडियन नाइटजारचं नाव दाखवलं. ते खरंच होतं, तो फाईलमध्ये मोठ्या आवाजात होता. खालचा आवाज ॲपनं धरलाच नाही. चित्रात मात्र गोटीवाल्याच्या उभ्या ठोक्यांखाली एक ठिपका आणि त्यामागं थरथरत जाणारी पट्टी, असं सहा वेळा दिसत होतं.

मी उमेदवार कागदावर मांडले. इंडियन नाइटजार: ठोके वेगवान होत जातात, इथं नाही, बाद. सव्हाना नाइटजार: उघड्या खडकाळ माळावर, बरेचदा उडताना, एक कर्कश 'स्वीश', बाद. जंगल नाइटजार: लाकडावर कुणी ठोकत बसावं तसे सारखे, कोरडे चक्-चक्-चक्, थरथर नाही, बहुधा बाद. उरला जर्डन्स नाइटजार. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला, पश्चिम घाटाच्या झाडीतला. साताऱ्यात त्याचं नाव घेण्याआधी दोनदा विचार करावा असा.

मग झेनो-कँटो उघडलं. २००५ पासून जगभरच्या लोकांनी तिथं पक्ष्यांचे आवाज चढवलेत आणि प्रत्येकासोबत चित्र असतं. इथं नवखा माणूस पहिली फीत ऐकतो, "हाच!" म्हणतो आणि थांबतो. असं करू नका. प्रत्येक उमेदवाराच्या निदान पाच-सहा फिती ऐका, त्याही शक्यतो सह्याद्रीतल्या. ठिकाणानुसार बोली बदलते, जशी आपली वारणेच्या अलीकडं-पलीकडं बदलते. गाणं आणि हाक यांची गल्लत करू नका, नोंदीत प्रकार लिहिलेला असतो. दर्जा 'ए' किंवा 'बी' असलेल्या फिती आधी घ्या. ओळखीवर कुणी शंका घेतली असेल तर ती टीप वाचा. आणि मुख्य म्हणजे नको असलेल्या उमेदवारांच्या फिती जास्त ऐका. आपल्याला जे हवंय ते कान ऐकतोच.

सहा हाका, तेही लांबून. जर्डन्सशी जुळत होत्या. पण जंगल नाइटजार पूर्ण बाद करायला मला दोन सुरांमधलं अंतर नीट मोजता येत नव्हतं, एवढं ते पुसट होतं. म्हणून त्या वर्षी नोंद केली "नाइटजार, जात अनिश्चित". ई-बर्डवर अशी नोंद करता येते आणि त्यात कमीपणा काही नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच वळणावर, तात्यांबरोबर, तीन संध्याकाळी कोरड्या गेल्या. चौथ्या संध्याकाळी तो रस्त्याच्या वरच्या अंगाला, पंचवीस-तीस मीटरवर बोलला. दोन मिनिटं चाळीस सेकंद. चित्र आरशासारखं स्वच्छ.

जाता जाता: डॉक्टर थॉमस जर्डन यांचं नाव मिरवणारा दुसरा निशाचर म्हणजे आंध्रातला जर्डन्स कोर्सर, जमिनीवर धावणारा पक्षी. १९०० नंतर तो संपलाच असं धरलं गेलं होतं. १९८६ साली कडप्पा भागात पुन्हा सापडला. मग बरीच वर्षं बेपत्ता, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा माग लागला तो रात्रीच्या ध्वनिमुद्रणावरूनच.

९. नोंद अशी लिहा

ई-बर्डवर दुर्मिळ पक्षी टाकला की ॲप खुलासा मागतं आणि नंतर एखादा परीक्षक प्रश्न विचारतो. हे परीक्षक स्वयंसेवक असतात, तुमच्या वाईटावर नसतात. माझ्या नोंदीचा मजकूर साधारण असा होता:

"फक्त ऐकला, पाहिला नाही. सायंकाळी ७:१२ ते ७:१५, निमसदाहरित झाडीची कड, अंतर सुमारे ३० मीटर, एकाच जागेवरून. च्-वू-वू, खालची पट्टी, थरथरता. इंडियन नाइटजार त्याच फाईलमध्ये मागं ऐकू येतो, त्याच्याशी तुलना करता येईल. जंगल नाइटजारचे सुटे, कोरडे ठोके नाहीत. ध्वनिफीत वाजवली नव्हती. न कापलेली फाईल जोडली आहे."

यात "मला खात्री आहे" कुठंही नाही, बघा. खात्री परीक्षकाला ऐकूनच होते. फाईल चढवताना पक्ष्याच्या आधी-नंतर दोन-तीन सेकंद मोकळे ठेवा आणि गोंगाट काढू नका.

मराठी नावांचा घोळ इथंच निस्तरा. 'रानपिंगळा' हे नाव काही जण जंगल आउलेटला लावतात, काही जण फॉरेस्ट आउलेटला. पहिला आपल्याकडं कुठल्याही राईत भेटेल. दुसरा १९९७ साली नंदुरबारकडं पुन्हा सापडलेला, जगातल्या अतिदुर्मिळ घुबडांपैकी एक. कोयनेत रानपिंगळा ऐकला असं नुसतं लिहिलंत तर दिवसभर फोन वाजत राहील. नोंदीत शास्त्रीय नाव टाका, गप्पांत काहीही म्हणा.

१०. आवाज वाजवू नका, जागा सांगू नका

उत्तर यावं म्हणून पक्ष्याला त्याचाच आवाज वाजवून दाखवतात. मला हे पटत नाही, आणि विणीच्या दिवसांत तर अजिबात नाही. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर शिरला. तो अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो. शिवाय तुमच्या मागून येणाऱ्याच्या रेकॉर्डिंगचीही वाट लागते.

दुर्मिळ पक्ष्याची नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका. तालुका पुरे. मी माझ्या वळणाचं नाव इथंही लिहिलेलं नाही, ते तुमच्या लक्षात आलं असेल. टाकलं असतं तर पुढच्या शनिवारी तिथं सहा गाड्या उभ्या असत्या.

आणि परत येताना गाडी सावकाश हाका. दिवसभर तापलेलं डांबर रातव्यांना आवडतं, ते रस्त्याच्या मधोमध येऊन बसतात. उताराला वळण घेतल्यावर समोर जमिनीलगत लाल निखाऱ्यासारखा एक ठिपका चमकला तर तो त्याचा डोळा. दिवे मंद करा आणि थांबा, हॉर्न वाजवू नका. अर्ध्या मिनिटात तो आवाज न करता उठतो आणि कडेच्या करवंदीत जाऊन बसतो.